हेमराज बोरसेंनी दाखवलेली सुरत

हेमराज बोरसे मला पहिल्यांदा दिसले ते चौकात, तापीकाठच्या किल्ल्याच्या भिंतीपाशी. दिसले म्हणण्यापेक्षा ऐकू आले. बारा वर्षं झाली असतील. मी सातवीच्या वर्गाची सहल घेऊन गेले होते. किल्ला तेव्हा आतून पाहायला मिळत नव्हता. बाहेरून भिंत पाहायची, बुरुजाकडे मान वर करायची आणि पुढे जायचं. मुलांना रांगेत उभं करून मी बोलायला सुरुवात करणार, तोच पलीकडून आवाज आला.

"ही भिंत बघा, भिंत! रुंदी बघा! वरून बैलगाडी चालेल बैलगाडी!"

माझी चाळीस मुलं एकदम गप्प झाली. एवढ्या मोठ्याने शाळेत फक्त पीटीचे सर बोलतात. खाकी शर्टातला एक उंच, वाळका माणूस सात-आठ जणांना भिंत दाखवत होता. त्या लोकांच्या हातात, काखेत, एकीच्या तर डोक्यावरही साड्यांची गाठोडी होती. उन्हाने त्यांचे चेहरे उतरले होते आणि त्यांना भिंतीपेक्षा सावली हवी होती, हे कोणालाही कळलं असतं. त्या माणसाला कळत नव्हतं. मुलं हसू लागली. फक्त वृषाली बोरसे ही माझी एक विद्यार्थिनी चपलेकडे पाहत उभी होती.

"काय झालं गं?"

"बेन, ते माझे पप्पा आहेत," ती म्हणाली.

आमच्या सुरतेच्या मराठी शाळेत शिक्षिकेला 'बेन' म्हणतात. गुजरातेत राहून तेवढं तरी गुजराती आमच्यात आलंच आहे.

पुढे पालकसभांना येऊन येऊन हेमराजभाऊ माझ्या चांगल्या ओळखीचे झाले. अमळनेरकडचे. सतराव्या वर्षी चुलतभावाबरोबर सुरतेला आले ते थेट गोडादऱ्यातल्या लूमच्या खात्यात. खातं म्हणजे यंत्रमागाचा कारखाना. बारा तास खात्यात, बाकीचे बारा तास खोलीवर. एका खोलीत नऊ जण, दिवसपाळीवाले उठले की त्याच अंथरुणावर रातपाळीवाले. अशी अकरा वर्षं गेली. मग एकदा मालकाच्या घरी मयत झाली म्हणून खातं तीन दिवस बंद राहिलं. पहिल्या दिवशी ते झोपले. दुसऱ्या दिवशी काय करावं सुचेना म्हणून चालत निघाले आणि विचारत विचारत चौकात पोचले. समोर नदी.

"बेन, तुम्हाला खोटं वाटेल," ते मला म्हणाले होते, "अकरा वर्षं मी सुरतेत होतो आणि सुरतेत नदी आहे हे मला माहीत नव्हतं. म्हणजे ऐकलं होतं. पण पाहिली नव्हती. किल्ला पाहिला, पूल पाहिला. मक्काई पुलापाशी एक म्हातारा बसला होता, तो म्हणाला, इथून हाजी लोकांची जहाजं मक्केला जायची. मी म्हटलं, चाचा, ह्या चिखलातून? तो म्हणाला, बेटा, तेव्हा सगळ्या जगाला सुरत माहीत होती. आणि मला, सुरतेत राहून, नाही."

खात्याच्या आवाजाने चाळिशीच्या आत त्यांचे कान गेले. पूर्ण गेले नाहीत, पण माणूस समोर हवा आणि त्याचे ओठ दिसायला हवेत. लूमवर सगळेच ओरडून बोलतात, ती सवय त्यांना घरीही राहिली. मग खातं सोडलं आणि रिक्षा घेतली. डिंडोलीत दोन खोल्यांचं घर झालं. बायको सुभद्राबाई घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायचं काम करते. घरात कुठेही बसा, उठताना मागे एखादा खडा चिकटलेला असतो.

खानदेशात लग्न ठरलं की बस्ता निघतो. नवरीचा शालू, वरमाईची साडी, मामीची, मावशीची, मानपानाची सगळी कापडं एका दिवशी घ्यायची आणि दोन्हीकडच्यांनी मिळून घ्यायची. निम्मा खानदेश त्यासाठी सुरतेला येतो. पहाटे गाडीतून उतरायचं, रिंग रोडच्या मार्केटात दिवसभर साड्या उलगडायच्या, संध्याकाळच्या गाडीने परत. गावी जाऊन सांगतात, सुरत पाहून आलो. हेमराजभाऊंना हे वाक्य सहन होत नाही. नात्यातलं, गावातलं, नात्याच्या नात्यातलं कोणीही बस्त्याला आलं की उतरायला त्यांच्याकडे. आणि त्यांच्याकडे उतरलं की साड्यांनंतर सुरत पाहणं सक्तीचं. किल्ला, नदी, महापालिकेची कचेरी, म्हणजे मूळची यात्रेकरूंची मुघलसराई. वेळ उरला तर डुमसचा समुद्र आणि तिथली टमाट्याची भजी. कोणी कुरकुर केली तर म्हणायचे, "साड्या गावीपण मिळतील. समुद्र मिळेल का?"

माहिती ते पाट्यांवरून जमवत. गुजराती वाचायला लूमवरच शिकले होते. अडलं की माझ्याकडे येत. "बेन, वलंदा म्हणजे कोण?" मी सांगितलं, आपण डच म्हणतो ते, जुन्या मराठीत वलंदेज. ते ऐकून इतके खूश झाले की जणू मी त्यांचा हरवलेला नातेवाईक शोधून दिला. त्याचं कारण नंतर कळलं. सगळ्या सुरतेत त्यांची सर्वांत आवडती जागा म्हणजे कतारगाम दरवाज्याजवळचं वलंदेजांचं कबरस्तान. तिथे एका डच साहेबाची कबर आहे. कबर कसली, दोन मजली इमारतच; खांब, कमानी, वर घुमट. एकटे असले की ते रिक्षा लावून तिथल्या पायरीवर डबा खात. पण बस्त्याच्या लोकांना मात्र तिथे कधीही नेत नसत. लग्नाची कापडं घेऊन कबरस्तानात जायचं नाही, एवढं भान त्यांना पक्कं होतं.

ते एकदाच सुटलं, आणि तेही स्वतःच्या मुलीच्या बस्त्याच्या दिवशी.

वृषाली शिकून साड्यांची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायला लागली होती. दोंडाईच्याचा मुलगा सांगून आला. चेतन. तिथल्याच एका पतसंस्थेत कामाला. वडील नव्हते, आई मालतीबाई आणि मामा पंडित, हीच घरची वडीलधारी. मुलांनी एकमेकांना पसंत केलं, सुपारी फुटली, आणि पुढच्या महिनाभरात दोघं फोनवर इतकं बोलली की सुभद्राबाई म्हणाली, "लगीन झाल्यावर बोलायला काही ठेवा."

बस्त्याला मला आग्रहाने बोलावलं होतं. रंगाबाबत वृषालीचा माझ्यावर विश्वास होता; का, ते मला माहीत नाही. दुपारपर्यंत सगळं छान पार पडलं. मालतीबाईंनी स्वतः निवडलेला शालू डाळिंबी रंगाचा होता, आणि तो त्यांनी बाकीच्या कापडांत बांधू दिला नाही. वेगळ्या पिशवीत, मांडीवर घेऊन बसल्या. दुकानदाराने रीतीप्रमाणे नारळ दिला, तोही त्याच पिशवीत ठेवला. त्यांच्या घरची एक रीत होती: बस्ता घेऊन निघालं की वाटेत जे पहिलं देवस्थान लागेल तिथे नवरीचा शालू टेकवायचा. ही रीत हेमराजभाऊंना माहीत नव्हती. मलाही नव्हती.

दोन रिक्षांतून आम्ही किल्ल्यावर गेलो. आता तो दुरुस्त होऊन आतूनही पाहता येतो. हेमराजभाऊंचा आवाज सगळ्या दालनांतून घुमत होता. पंडितमामा म्हणाले, "याही, तोफ दाखवायची काय गरज, तुम्ही आहात ना!" याही म्हणजे अहिराणीत व्याही. सगळे हसले. मालतीबाईही हसल्या. त्यांचे पाय दुखत होते, पण प्रत्येक पायरीवर थांबून त्या ऐकून घेत होत्या. इतकं मन लावून ऐकणारी पाहुणी हेमराजभाऊंना वीस वर्षांत मिळाली नव्हती.

खाली आल्यावर चेतनने मोबाईल पुढे केला. "काका, हे इथेच आहे ना? डच लोकांचं?" फोटोत तोच घुमट होता.

हेमराजभाऊंनी फोटो पाहिला, मग जावयाकडे पाहिलं. आजवर ते कबरस्तान दाखवा असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. "पाचच मिनिटं," ते म्हणाले. "तू आणि मी. बाकीच्यांना रिक्षातच बसू दे."

पण चैत्राचं ऊन होतं आणि थांबलेली रिक्षा तव्यासारखी तापते. ते दोघं आत गेल्यावर थोड्याच वेळात मालतीबाई पिशवी घेऊन खाली उतरल्या. फाटकातून घुमट दिसत होता, आत झाडांची सावली होती. त्यांच्या मागे आम्ही सगळेच गेलो. हेमराजभाऊ चेतनला वरच्या मजल्याची कमान दाखवत होते. मालतीबाईंनी चपला काढल्या. पदर डोक्यावर घेतला. पायरीशी गेल्या, शालू घडीसकट पायरीवर ठेवला, शेजारी नारळ ठेवला, आणि डोकं टेकवलं.

मी पाहिलं. मला ठाऊक होतं ते काय आहे. तोंड उघडायला हवं होतं. हेमराजभाऊंनीही वळून पाहिलं. त्यांचा हात कमानीकडे होता तसाच राहिला. सकाळपासून एक क्षण न थांबलेला तो माणूस तिथे गप्प उभा राहिला. किती वेळ? नमस्कार करायला लागतो तेवढाच. मालतीबाई डोकं वर करून म्हणाल्या, "हाई कोनता देवनं मंदिर शे, याही?"

उत्तर रखवालदाराने दिलं. तो खुर्चीवरून उठून आला होता आणि हसत होता. "माजी, आ मंदिर नथी. आ तो कबर छे, कबर!"

मालतीबाईंनी आजूबाजूला पाहिलं. आता त्यांना बाकीच्या कबरी दिसल्या. त्यांनी शालू उचलला आणि झटकला, धूळ झटकावी तसा.

"मसनमा?" त्या हळूच म्हणाल्या. "मन्ही सुनना शालू मसनमा?"

डुमस राहिलं. डिंडोलीला येऊन त्यांनी शालूची पिशवी सुभद्राबाईच्या हातात दिली, चहाला नको म्हणाल्या आणि संध्याकाळच्या गाडीने सगळे दोंडाईच्याला गेले. चौथ्या दिवशी पंडितमामांचा फोन आला. ताई म्हणते, तारीख सध्या थांबवा. पत्रिका छापू नका. चेतननेही फोन उचलणं बंद केलं होतं. आईला दुखवून बोलायचं त्याच्या जिवावर आलं असावं.

सुभद्राबाई नवऱ्याला काय काय बोलली ते मी लिहीत नाही. गल्लीत तर बोभाटा झालाच. एक शेजारीण मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "आपली पोरगी नांदायच्या आधी मसणात फिरवून आणली." वृषाली रडली नाही. ती रोज कॉम्प्युटरपुढे बसून डिझाइन काढायची आणि एकच फूल पुन्हा पुन्हा पुसायची. हे लग्न तिला हवं होतं. मुलगा हवा होता. तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगायची गरजही नव्हती.

आठव्या दिवशी हेमराजभाऊ माझ्याकडे आले. "बेन, एक चिठ्ठी लिहून द्या. चांगल्या भाषेत. चुकून झालं म्हणून."

"चुकून झालं का?" मी विचारलं. त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून समोर जाऊन पुन्हा विचारलं.

"नाही," ते म्हणाले.

"मग चिठ्ठी नको. तुम्ही जा."

"तुम्ही याल का?"

मी नाही कशी म्हणणार? त्या पायरीपाशी मीही उभी होतेच.

सकाळच्या गाडीने आम्ही तिघं गेलो. वृषालीने रजा काढली होती, आणि तिला घरी राहा म्हणायचं धैर्य कोणाला झालं नाही. दोंडाईच्याला मालतीबाईंनी पाणी दिलं. चहा ठेवला नाही. पंडितमामा खुर्चीवर, चेतन दाराशी. मालतीबाईंनीच सुरुवात केली, माझ्याकडे पाहून, अहिराणी सोडून मराठीत. रोख मात्र हेमराजभाऊंकडे होता.

"बेन, मला कबरीचा राग नाही. अंघोळ करायची, शालू बदलायचा, झालं. पण हा माणूस सकाळपासून मला दगडाचं नाव सांगत होता, भिंतीचं, तोफेचं. दाराची कडी कोणी बसवली तेसुद्धा सांगितलं. आणि मी डोकं टेकवलं तेव्हा याची जीभ कुठे गेली? तो रखवालदार दात काढतो माझ्यावर, आणि याही उभे!" मग त्या हेमराजभाऊंकडे वळल्या. "तुम्हले माहीत व्हतं ना? मंग काबर बोलनात नही?"

हेमराजभाऊ त्यांच्या ओठांकडे पाहत होते. एकही शब्द सुटला नव्हता.

"माहीत होतं," ते म्हणाले. आणि पहिल्यांदाच मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. "हाक मारायला वेळ होता. मारली नाही. ताई, मी वीस वर्षं तिथे जातो. लोक येतात, फोटो काढतात, त्याच पायरीवर बसून वेफर्स खातात, पुड्या टाकून जातात. मीपण तिथे डबा खातो. त्या साहेबाला हात कोणी जोडले नव्हते. तुम्ही जोडले. मला बरं वाटलं. वाटलं, राहू दे क्षणभर. तुमचा विचार मनात आला नाही. माझ्या पोरीचाही आला नाही. तेवढी चूक माझी, पूर्ण माझी."

पंडितमामा खाकरले. "म्हणजे तुम्ही व्याह्यांपेक्षा त्या गोऱ्याला..."

"पंडित, गप ना रे," मालतीबाई म्हणाल्या. त्या पुन्हा हेमराजभाऊंकडे वळल्या. मग विचारलं, "कोण होता तो?"

"कंपनीचा मोठा साहेब. सव्वातीनशे वर्षांपूर्वीचा. मलबारहून जहाजाने सुरतेला यायला निघाला आणि वाटेत जहाजावरच गेला. इथे आला तो पुरायलाच."

"बायको-पोरं?"

"पाटीवर तेवढं लिहिलेलं नाही," हेमराजभाऊ म्हणाले. दुसरा कोणी असता तर त्याने इथे काहीतरी रचून सांगितलं असतं. भिंतीवरच्या त्या बैलगाडीसारखं पदरचं घालायची सवय त्यांनाही होती. पण त्या दिवशी त्यांनी घातलं नाही.

मालतीबाई उठून आत गेल्या. आतून भांड्याचा आवाज आला, मग गॅस पेटवल्याचा. दाराशी उभा असलेला चेतन भिंतीला टेकला. वृषालीने डोळे मिटून घेतले. तेव्हा मला कळलं की आठ दिवस तिने किती आवरून धरलं होतं.

चहा आणून ठेवता ठेवता मालतीबाई म्हणाल्या, "तो शालू मी माझ्या सुनेच्या अंगावर लग्नात घालणार नाही. मनातून जात नाही माझ्या. दुसरा घ्यायचा. आणि तो इथे, दोंडाईच्यात, आमच्या ओळखीच्या दुकानात. तुम्ही नुसतं गादीवर बसायचं याही. दाखवायचं काही नाही."

"इथे दाखवण्यासारखं आहेच काय?" पंडितमामा म्हणाले.

"मिरची मार्केट आहे की," चेतन पहिल्यांदा बोलला, आणि वृषाली हसली. हसता हसता रडायला लागली. मालतीबाईंनी तिला आपल्या शेजारी ओढून बसवलं आणि तिच्या बशीत चहा ओतला.

लग्न ठरल्या तारखेपेक्षा तीन आठवडे उशिरा झालं, पण झालं. शालू जांभळा होता आणि मला विचाराल तर डाळिंबी जास्त शोभला असता. डाळिंबी शालू वृषालीने सुरतेतच ठेवून घेतला. माहेरी आली की सणाला नेसते, आणि सुभद्राबाई तोंड फिरवून खडे चिकटवत बसते. मालतीबाई लग्नानंतर सुरतेला आलेल्या नाहीत. बोलावणं दर दिवाळीला जातं. त्या फोनवर म्हणतात, "येईन. आधी पाय बरे होऊ द्या." हेमराजभाऊंशी त्या नीट बोलतात, त्यांना ऐकू यावं म्हणून समोर उभ्या राहून बोलतात. कबरीचा विषय दोघांपैकी कोणीच काढत नाही.

बस्त्याची माणसं अजूनही डिंडोलीला उतरतात. पण त्या उन्हाळ्यापासून हेमराजभाऊ त्यांना सकाळीच विचारून घेतात, तुमच्या घरची रीत काय, शालू कुठे टेकवायचा असतो. मग आधी तिथे नेतात, आणि नंतर किल्ल्यावर.

त्यांचं वय आता बावन्न आहे. उधना स्टेशनबाहेर रिक्षा लावतात. महिन्यातला एक रविवार रिक्षा बंद ठेवून ते भुसावळकडच्या गाडीने वृषालीकडे दोंडाईच्याला जातात आणि सोमवारी दुपारी परत येतात.